पुतळ्याच्या हातात बंदूक नको

प्रति,
ग्रामपंचायतीचे अध्यक्ष, सर्व सदस्य आणि पीडीओसाहेब (पंचायत विकास अधिकारी),
युवक मंडळाची पोरं,
आणि गावातले सगळे माजी सैनिक काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात आमचा आज्जा गेला. त्या दिवशी पाऊस असा होता की मार्कंडेयचं पाणी स्मशानाच्या पायरीला लागलं होतं. तरी अख्खं गाव आलं. लाकडं भिजू नयेत म्हणून मंडळाच्या पोरांनी तासभर हात वर करून ताडपत्री धरली, ते मी विसरणार नाही. कुणीतरी तिरंगा आणला होता. तेव्हा हौलदार काकांनी पोरांना हळूच बाजूला घेऊन सांगितलं, की पेन्शनीत आलेल्या माणसावर असा झेंडा घालता येत नाही, तसा नियम नाही. आज्जा जिवंत असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं, फक्त आवाज चढवून. तेव्हा हे पत्र भांडायला लिहीत नाही, हे आधी सांगते. थोडं भांडण आहे, पण ते पुढं येईल.

बाराव्याला वेशीत जो डिजिटल फलक लागला होता, त्यावर चेहरा आज्जाचा होता आणि मानेखालचं अंग दुसऱ्याच कुणाचं. छातीवर मेडलांच्या तीन रांगा. नावाच्या आधी 'वीरचक्र विजेते'. आज्जाला वीरचक्र नव्हतं. १९७१ ची दोन मेडलं होती, पूर्वी स्टार आणि संग्राम. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं ते एक होतं, आणि उरलेली नोकरीच्या वर्षांची. सगळी मिळून आज्जीच्या सुईदोऱ्याच्या डब्यात, बटणांच्या खाली. छापणाऱ्या पोराला मी विचारलं तर तो म्हणाला, "अक्का, गूगलवर सुभेदार टाकलं, हेच आलं." पोरगं चांगलं आहे, त्याला कुणी बोलू नका. पण ज्या घरात खरं वीरचक्र आहे, तिथं ते कशाच्या बदल्यात आलंय हे त्या घराला ठाऊक असतं. ते असं छापून वाटायचं नसतं.

आता ऐकते की बसस्टँडच्या कट्ट्यावर आज्जाचा पुतळा बसवायचं घाटतंय. वर्गणीचं पुस्तकही छापून झालंय. चित्र मला व्हॉट्सॲपवर आलं. अंगात वर्दी, डोक्यावर हिरवी टोपी, हातात बंदूक आणि नजर पश्चिमेकडं रोखलेली. पश्चिमेला चंदगड तालुका लागतो. आज्जाची थोरली बहीण तिकडं दिली होती. तिकडं कोण शत्रू बसलाय ते मंडळानं एकदा सांगावं.

थट्टा पुरे. मी त्याची थोरली नात. त्याच्याबद्दल मलाच जास्त कळतं असं नाही, पण त्याचं टेबल मी लहानपणापासून पुसत आलेय, आणि मला सांगायचंय ते त्या टेबलाबद्दल.

आधी माणूस सांगते, कारण आताच्या पोरांनी त्याला सोप्यात आरामखुर्चीत बसलेला म्हाताराच पाहिलाय.

आज्जाचा जन्म कागदावर १ जून १९३० चा. १ जूनला अर्धा बेळगाव तालुका जन्माला आलाय, कारण शाळेत नाव घालताना मास्तर हीच तारीख टाकायचे. पणजीला विचारलं की ती म्हणायची, "मसुरी उपटालतो तवा झाला." म्हणजे भात निघून गेल्यावर, माघ-फाल्गुनात कधीतरी. साल तिलाही ठाऊक नव्हतं. १९४८ साली तो बेळगावच्या कॅम्पात भरतीला चालत गेला. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळं आमच्या भागात भरती म्हणजे फार विचार करून केलेली गोष्ट नसते. पोरगा वयात आला की आधी सायकल शिकतो, मग भरतीला जाऊन बघतो. पहिल्या खेपेला छाती पुरेशी फुगली नाही म्हणून त्याला परत पाठवलं. महिनाभर मार्कंडेयत पोहून परत गेला आणि लागला. पुढं २८ वर्षं. १९७६ ला सुभेदार होऊन पेन्शनीत आला तो ट्रंक, होल्डॉल आणि एक मोडका ट्रान्झिस्टर घेऊन.

२८ वर्षं नोकरी आणि ४९ वर्षं पेन्शन. हा हिशेब त्याला कायम टोचायचा. "सरकार बुडीत गेलंय माझ्यात," म्हणायचा. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते, पंचाऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास आणि शंभरीला दुप्पट, हे त्याला देवाच्या आरतीसारखं पाठ होतं. गावातल्या कुठल्या म्हाताऱ्याची ऐंशी कधी भरते हे त्याच्या मुलांच्या आधी आज्जाला माहीत असे. स्वतःची पंच्याण्णवी त्यानं गेल्या १ जूनला भरली. पन्नास टक्क्यांचा हप्ता खात्यात पडलेला पासबुकात बघितला, आज्जीला दाखवला, आणि दीड महिन्यात गेला.

नातवंडांचा आज्जा म्हणून तो कसा होता, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असायचं कारण नाही. मी दुसरीत असताना, धाकट्याच्या बाळंतपणानंतर, आई वर्षभर अंथरुणाला होती. आज्जी चूल आणि शेत. बाबा हुबळीला. माझ्या डोक्यात उवा पडल्या तेव्हा आज्जाच्या ध्यानात आलं, की या पलटणीत एक काम कुणाच्याच वाटणीला आलेलं नाही. त्याला तंबूच्या दोरीची गाठ तेवढी येत होती. तिपेडी वेणी त्यानं शेजारच्या काकूंना समोर बसवून, वहीत बाणांसकट आकृती काढून शिकून घेतली. ती वही अजून आहे. सहा वाजता मी पाटावर, तो मागं खुर्चीवर, तोंडात रिबीन. वेण्या अशा घट्ट बसायच्या की माझ्या भुवया वर चढायच्या. दुसरी ते चौथीच्या प्रत्येक फोटोत मी काहीतरी भलतंच बघितल्यासारखी दिसते.

शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं तो फाटकात उभा असे. पावसाळ्यात ओढा भरला की मला खांद्यावर, दप्तर डोक्यावर, चपला माझ्या हातात. कधीच उशीर केला नाही. एकदा मी मुद्दाम मागच्या दारानं पळून मैत्रिणीकडं चिंचा खायला गेले. अंधार पडल्यावर घरी आले तर आज्जा अजून फाटकातच उभा होता. हेडमास्तर बरोबर उभे, कारण शिपाई घरी गेला होता आणि आज्जा हलायला तयार नव्हता. त्यानं मला मारलं नाही. "पोस्ट सोडून जायचं न्हाई गे," एवढंच म्हणाला. ते मला माराहून लागलं.

आमच्या मराठी शाळेत कानडी सुरू झालं तेव्हा तो माझ्या पुस्तकातून माझ्याबरोबर शिकला. सहासष्ट वर्षांचा होता तेव्हा. आपल्यासारखाच त्यांच्यातही 'ळ' आहे हे कळल्यावर त्याला फार बरं वाटलं, दोन दिवस पाटीवर तेवढाच काढत बसला. माझा गृहपाठ त्यानं इतक्यांदा केला, की बाईंनी एकदा लाल शाईनं शेरा मारला, 'आजोबांचे अक्षर सुधारत आहे.' मला वाटायचं माझ्यासाठी शिकतोय. खरं कारण होतं टेबल. तालुक्याच्या कचेरीतून येणारे कागद कानडीत यायला लागले होते आणि म्हाताऱ्या ते घेऊन त्याच्या दारात बसायच्या.

टेबलावर येण्याआधी जमालपूर, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं. पुतळा कशासाठी ते मला कळतं. आपल्या गावातून जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठ्यात, गेलेला आणि १९७१ बघितलेला तो शेवटचा माणूस होता. १५ ऑगस्टला शाळेत त्याला बोलवायचे आणि पोरं विचारायची, "आज्जा, किती मारलं?" तो खाकरून ब्रह्मपुत्रेची गोष्ट सांगायचा. नदी ओलांडायला तिथल्या गावकऱ्यांनी बैलगाड्या दिल्या, होड्या दिल्या, आणि बैल आपल्या खिल्लारापेक्षा कसे बारके होते पण चिखलात कसे चालायचे. पोरं कंटाळायची. मास्तर टाळ्या वाजवायचे.

जमालपूरची चिठ्ठी तुम्ही कुठंतरी वाचली असेल. तिथं पाकिस्तानची ३१ बलुच पलटण वेढ्यात सापडली होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी ९ डिसेंबरला त्यांच्या कर्नल सुलतानला चिठ्ठी धाडली, की आता शरण या. बांगलादेशी मुक्तिवाहिनीचा मुन्शी नावाचा एक माणूस पांढरा झेंडा धरून ती घेऊन गेला. जीव मुठीत धरून गेला आणि उत्तर घेऊन परत आला. उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती, आणि मजकुराचा आशय असा, की पेनावर तुमची हुकमत बरीच दिसते, पुढच्या भेटीत हातात पेनाऐवजी स्टेनगन असू द्या. १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण वेढ्यातून निसटायला निघाली ती टांगाइलकडच्या रस्त्यावर, आणि तिथं जंगी पलटण वाट अडवून बसली होती. कर्नल ब्रार तेव्हा आपले सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख. पहाटेपर्यंत चाललं. उजाडता जमालपूर पडलं. त्याच दिवशी दुपारी टांगाइलजवळ पुंगलीच्या पुलावर २ पॅरा छत्रीनं उतरली, तीही मूळची आपलीच, तिसरी मराठा. १६ ला ढाका.

ही सगळी गोष्ट आज्जा दोन मिनिटांत उरकायचा. मुन्शीपाशी मात्र थांबायचा. "चिठ्ठ्या लिवणारं दोघं साहेब. दोघांची नावं पुस्तकात आली. घिऊन गेला त्याला कोण इचारतंय?"

त्या रात्रीनंतरच्या सकाळचं त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही मी कॉलेजात असताना, ट्रंक आवरताना. तो तेव्हा नायब सुभेदार. मेलेल्यांच्या खिशातले कागद गोळा करायच्या कामावर त्याची तुकडी होती. शत्रूचेच बहुतेक. पेबुकं, विड्या, आणि चिठ्ठ्या. उर्दूत, त्यामुळं त्याला एक अक्षर कळेना, पण एका चिठ्ठीच्या खाली लहान पोरानं पेन्सिलीनं काढलेली बैलगाडी होती. ती कुणाला द्यायची असते, कुठल्या पत्त्यावर कळवायचं असतं, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या प्लाटूनीतली दोन पोरंही त्या रात्री गेली. एक खानापूर तालुक्यातला होता. पुढच्या वर्षी रजेवर आला तेव्हा आज्जा त्याच्या घरी गेला आणि बघतो तर बायकोला पैसा मिळालेला नाही, कारण पलटणीच्या कागदावर तिचं नाव वेगळं आणि गावात वेगळं.

तो त्याचा पहिला कागद. त्यानंतर तो आयुष्यभर कागदच करत बसला. घरात आम्ही चिडवायचो, की सुलतान साहेबानं स्टेन धर म्हणून सांगितलं आणि आज्जानं उलट पेन धरलं.

आता टेबल. फणसाच्या लाकडाचं, सोप्यात खिडकीखाली. दर सोमवारी सकाळी दहाला तो त्यावर बसे. सोमवार एवढ्यासाठी, की त्या दिवशी आपल्याकडं बैलाला जू घालत नाहीत, म्हणून घरातलं कुणीतरी म्हातारीबरोबर यायला मोकळं असतं. टेबलावर कार्बन पेपर, टाचण्या, डिंकाची बाटली, अंगठ्यासाठी निळं स्टॅम्पपॅड आणि अंगठा पुसायला आज्जीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. आलेल्या बाईला आधी चहा, मग पाणी, मग "कागद काढ." पैसे घेत नसे. रताळी घेई. एकानं म्हटलं ही लाचच की, तर म्हणाला, "कंदमूळ लाचेत धरत न्हाईत."

कामाचं स्वरूप सांगते, कारण पुतळ्याची पाटी लिहिणाऱ्याला ते कळायला हवं. लग्नात नाव बदलायची आपली रीत. शिपाई लग्नाची रजा संपवून पलटणीत गेला की क्लार्क विचारणार, बायकोचं नाव सांग. कुणी माहेरचं सांगे, कुणी सासरचं, कुणी लाजून घरात हाक मारायचे ते. तेच पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या नोंदीच्या हुकमात, छापून येई आणि रेकॉर्ड ऑफिसात पक्कं होई. चाळीस वर्षांनी नवरा जातो. आता डिस्चार्ज बुकात 'चंपा', रेशन कार्डावर 'पार्वती', आधारवर 'पारुबाई', आणि जन्मतारीख तीन कागदांवर तीन. काही बायकांची तर पलटणीच्या कागदात जन्मतारीखच नाही, त्यामुळं ऐंशी उलटली तरी वाढीव वीस टक्के मिळत नाहीत. कारण ऐंशी झाली हे कशावरून? मग ॲफिडेव्हिट, पंचायतीचा दाखला, दोन साक्षीदार, बँकेचा शिक्का. तालुक्याचा कागद कानडीत, रेकॉर्ड ऑफिसला हवा इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिला मराठीसुद्धा वाचता येत नाही. या तिन्ही भाषांच्या मधोमध तो निळ्या शाईचं पेन घेऊन बसलेला असायचा.

भाषेवरून त्याला लोक बोलले आहेत, तुमच्यापैकी काहींचे वडीलही बोललेत. १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाच्या काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत तो दंडाला काळी फीत लावून जायचा, ऐंशी वर्षांचा होईपर्यंत स्वतःच्या ॲटलसवरून. १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात हार घालायला जायचा. १९५६ चा सीमालढ्यातला गोळीबार झाला तेव्हा तो पलटणीत होता, लांब, आणि त्याला पेपर चार दिवसांनी मिळाला. त्या चार दिवसांवर तो कधी बोलला नाही. पण २ नोव्हेंबरला सकाळी तोच माणूस बँकेत आणि कचेरीत कानडीत अर्ज लिहून म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले भरून देत असे. "काल फेरीत होतास की," असं तिथल्या एकानं खोचकपणे म्हटलं, तर आज्जा म्हणाला, "भांडण सरकाराशी हाय, अक्षराशी न्हाई. सही कर." आणि त्यानं केली. मला ही गोष्ट सांगताना दोन्ही बाजूंच्या लोकांनी अर्धी अर्धी खोडायला लावलीय. इथं पूर्ण लिहिलीय.

एका कचेरीचा किस्सा नाव न घेता सांगते. जांबोटीच्या पुढच्या रानातली एक बाई सात खेपा मारून दमली होती. दर खेपेला नवा कागद मागायचे. दोन बस बदलून येणं आणि अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडवणं. आठव्या खेपेला आज्जा बरोबर गेला. भांडला नाही. सकाळी दहाला बाकावर बसला. क्लार्क समोरून गेला की आज्जा खाडकन उठून सावधान, पार दिसेनासा होईपर्यंत. चहाला गेला, सावधान. परत आला, सावधान. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कुणी हसेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला कागद झाला. तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि रात्री मी त्याच्या गुडघ्यांना तेल चोळलं, म्हणून मला तारीखवार आठवतंय.

म्हातारपणी त्याच्यावरच हयातीच्या दाखल्याची पाळी आली ती मजेशीर. मशीनवर अंगठा ठेवायचा, पण बोटांचे ठसे झिजलेले. पन्नास वर्षं शेत, अठ्ठावीस वर्षं रायफल. मशीन दर वेळी सांगे, की हा माणूस सापडत नाही. बँकेतली पोरगी कावरीबावरी झाली. आज्जा म्हणाला, "मला बी कधी कधी सापडत न्हाई." मग डोळ्यावरून घेतलं. शेवटची दोन वर्षं बँकवालेच घरी येत होते, त्यांचे आभार इथं मानते.

आणि तो गेल्यावरचं सांगते. ट्रंकेत वर एक फायल होती, तिच्यावर 'मी गेल्यावर'. मी घाबरतच उघडली. आत आज्जीच्या फॅमिली पेन्शनचं सगळं. पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या हुकमाची, नक्कल, एकत्र फोटो, जॉइंट खात्याचं पासबुक, आज्जीचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे याचं ॲफिडेव्हिट, आणि सगळीकडं एकच जन्मतारीख. वर रेकॉर्ड ऑफिसला लिहिलेला अर्ज, 'कळविण्यात येते की सुभेदार अमुक यांचे दिनांक' आणि पुढं मोकळी जागा. बाकी सगळा अर्ज त्याच्या अक्षरात भरलेला. खाली आज्जीच्या अंगठ्यासाठी पेन्सिलीनं छोटा गोल.

तारीख मी भरली. आज्जीनं अंगठा दिला, लुगड्याच्या तुकड्याला पुसला आणि म्हणाली, "आता हे टेबल कुणी बघायचं?"

म्हणून हे पत्र.

बाराव्यापासून आजवर चौदा बायका आणि तीन म्हातारे सोमवारी आमच्या सोप्यात येऊन परत गेलेत. सोमवारी मी बेळगावात नोकरीवर असते. बाबांना कानडी येतं पण पेन्शनीतलं काही कळत नाही. आणि आता अर्ध्याहून जास्त काम कागदाचं राहिलेलंच नाही, सगळं स्पर्श नावाच्या पेन्शनच्या पोर्टलवर गेलंय, पासवर्ड लागतो, मोबाइलवर आकडा येतो. तो आकडा नातवाच्या मोबाइलवर येतो आणि नातू पुण्याला असतो. नोव्हेंबर डोक्यावर आला की ही रांग वाढणार.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. पंचायतीच्या आवारात वाचनालयाची जुनी खोली आहे, तिच्यात सध्या गणपतीच्या मंडपाचे बांबू आहेत. बांबू हलवा आणि ती खोली सोमवारी दहा ते एक उघडी ठेवा. पीडीओसाहेब, त्यासाठी ठराव लागत असेल तर मसुदा मी कानडीत करून आणते, आज्जानं शिकवलंय. टेबल आम्ही देतो. माजी सैनिक काकांपैकी कुणीतरी एक जण बसा, तुम्ही सोळा जण आहात, चार महिन्यांतून एकदा पाळी येईल. हौलदार काकांना नियम पाठ असतात हे आपण स्मशानात पाहिलंच. आणि कॉम्प्युटरवर बसायला मंडळाचं ते डिजिटलवालं पोरगं द्या. ज्याला गूगलवर सुभेदार सापडतो त्याला स्पर्शचा फॉर्मही सापडेल. महिन्यातले दोन सोमवार मी रजा टाकून येईन. नावं बदललेल्या बायकांची आज्जाची वही आहे, कुणाचं काय अडलंय ते त्यात लिहिलेलं आहे, ती मी कुणाच्या हातात देणार नाही पण येईन तेव्हा दर वेळी घेऊन येईन.

वर्गणीच्या पैशातून एक प्रिंटर येतो. उरलेल्यात वर्षभराचा कागद. तरीही पुतळा करायचाच असेल तर माझी हरकत चालणार नाही हे मला ठाऊक आहे, गावात पुतळ्याला कुणी नाही म्हणत नाही. मग एवढं तरी करा. उभा नको, बसलेला करा. वर्दी नको, त्याचा तो कोपरावर विरलेला स्वेटर. चष्म्याला मागं दोरा. पाटीवर नाव, सुभेदार, जंगी पलटण, आणि दोन तारखा, त्यातली पहिली १ जून. वीरचक्र कुठंही नको. हातात बंदूक नको.

टेबल न्यायला रविवारी संध्याकाळी चार पोरं पाठवा, जड आहे. दारातून आडवं निघत नाही, उभं करून काढावं लागतं. डावीकडचा पुढचा पाय आखूड आहे. त्याखाली आज्जा पुठ्ठ्याची घडी घालायचा, ती मी ड्रॉवरमध्ये ठेवलीय.

आपली,
सुभेदार आज्जाची थोरली नात